एकशे सात

मीटर जिन्याखाली, चपलांच्या वर.
उदगीरच्या ह्या घरात आल्यापास्नं
वीस तारीख लागली की मी रोज वाकून बघते.
मागचा आकडा दारामागं खडूनं लिहिलेला,
त्यातून वजाबाकी.

ब्याण्णव. चौऱ्याण्णव. शहाण्णव.

"शंभर ओलांडलं की सगळंच महाग," रझियाआपा म्हणली होती.
तिला कुणी सांगितलं ते तिला आठवत नाही.

म्हणून ऐन लगीनसराईत,
बारा ब्लाउज कापून पडलेले असताना
मशीनची मोटर काढून ठेवली
आणि पायानं शिवलं. पट्टा सारखा उतरायचा.
फ्रिज रात्री बंद,
सकाळी दुधाचा वास घेऊन मग चहा.
कूलरमध्ये कांदे ठेवले.
यांनी वट्ट्यावर बाज टाकली, म्हणले,
वाऱ्याला काय बिल येतंय.
वारं नव्हतंच.

भंडारे फोटो काढायला चार दिवस उशिरा आला.
एकशे सात.
मी काही बोलले नाही.
पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवला असंल.

बिल आलं. कल्याणी नववीच्या वहीत
मागच्या पानावर रेघा ओढत बसली.
"आई, ही पायरी आहे, खड्डा नाही.
पहिल्या शंभराला तोच भाव.
वरच्या सातांनाच वाढीव."

मग बोट खाली. स्थिर आकार:
"हा तू अंधारात बसलीस तरी लागतो."
इंधन समायोजन:
"वीज करायला कोळसा महाग पडला की आपल्याकडून."
कोळसा मी माहेरच्या इस्त्रीत पाहिलेला, तेवढाच.

सात युनिटांचा फरक निघाला
एका ब्लाउजच्या हुकांची मजुरी,
वर पाच-सात रुपये.
त्याच्यासाठी पोटऱ्या महिनाभर भरून आल्या.
बरं झालं पायाला मीटर नाही,
त्याचाही फोटो निघाला असता.

तरी बिल मागच्या सालापेक्षा जास्तच.
"मग हे कशानं?"
"भावच वाढलाय, आई," एवढं म्हणून
तिनं पेनाचं टोपण लावलं.

कांदे सुपात काढले. कूलर पुसला,
पाणी ओतायला गेले आन् थांबले.
नळ येणार रविवारी, आज बुधवार.

मोटर जोडली.
पंखा लावला, चारावर.
कापलेल्या बाह्या घरभर उडाल्या.
गोळा करून त्यांच्यावर
कात्री ठेवली.