पाय सोडायची जागा

रस्ता खचला तो टांडापेठेत, मंगळवारी, पाण्याच्या टँकरखाली.
बुधवारी आम्ही पोचलो: मी, मदतीला सोनकुसरे,
केबलचं भेंडोळं
आणि बाबागाडीसारखं ढकलायचं रडार.
"सोनं हाय का जी खाली?" पोरं विचारतात.
पाइप आहे, मी म्हणते. पाइपची भुवई दिसते पडद्यावर,
वर चढवलेली,
कोणीतरी उगाच उठवल्यासारखी.

पण काळी माती लहरी गिळते.
हातभर खोलीनंतर नुसत्या मुंग्या.
मग सळया ठोकल्या ओळीत, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर.
मे महिना. माती भाजून निघालेली, वीज आत शिरेना.
समोरच्या कौतिकाबाई तांब्यातून मिठाचं पाणी घेऊन आल्या,
एकेका सळईच्या बुडाशी ओतत गेल्या,
तुळशीला घालावं तसं.

आकडे चढू लागले.
पोकळीतून वीज जात नाही, वळसा घालते,
घरातली माणसं एखाद्या विषयाला घालतात तसा.

संध्याकाळी नकाशा उमटला:
सहा लाल चौकोन, सारख्या अंतरावर,
कमरेइतके खोल.
विहीर अशी नसते. गटाराला एवढी शिस्त नसते.

डोमाजी हेडाऊ वाकून बघतात,
चष्मा धोतराला पुसून पुन्हा बघतात.
"हा सुकऱ्याचा. हा माह्या साळ्याचा.
अन् हा चौथा, माहा."
खड्डामाग.
रस्ता रुंद झाला तेव्हा घरं गेली,
माग चुलीत गेले,
खड्ड्यांवर फरशी आली, फरशीवर गिट्टी, गिट्टीवर डांबर.
भरले का नाहीत, मी विचारते.
"भरून काय करता जी? एवढीशी तं जागा.
दोन पाय सोडाले."

अहवालात लिहिते: मानवनिर्मित पोकळ्या, सहा. खोली शून्य पूर्णांक नऊ.
शिफारस: सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरावे.
'वापर' असा रकाना छापील नमुन्यात नाही.

डोमाजी पानठेल्याच्या उंच स्टुलावर बसलेत.
पाय टेकत नाहीत.
उजवा खाली जातो, डावा वर येतो,
मग डावा खाली.
सोनकुसरेचं लक्ष आहे, त्यांचं नाही.

सळया उपटायच्या राहिल्यात.
चौथ्या चौकोनावरची मी स्वतः काढली.
भोकातून गार हवा आली,
की मला तसं वाटलं.