पेव

गढीच्या पायथ्याशी नालीचं काम.
मानवतहून आणलेलं पोकलेन, वीस टनांचं.
सरपंचाचा भाऊ म्हणाला,
"दुपारपर्यंत शंभर फूट निघंल ना?"
मी खाली उतरलो
आणि पहार घेतली.

काळीचा स्वभाव मला माहीत आहे :
उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा,
ओली झाली की चेन गिळते, सोडत नाही.
मुरूम बोलतो.
खडक तर भांडतोच.
पण ही पांढर.
पडलेल्या भिंती, राख, शेण,
कुणाकुणाच्या चुलीखालची भुई.
ही शेवटपर्यंत गप्प राहते.

चाँदपाशा उस्तादनं लिव्हर हातात देण्याआधी
तीन महिने मला नुसतं चालवलं होतं, पायी.
"मशीन बाद में रे, पैले जमीन सुन."

ठक. ठक. ठक.
लिंबापासून नऊ पावलांवर
ढब्ब.
पुन्हा मारली. ढब्ब.
रिकाम्या रांजणाला टिचकी मारावी तसं.
मी फक्कीनं गोल आखला.

"डिझेल कुनाचं जळायलंय?" सरपंचाचा भाऊ.
इंजिन बंदच होतं.

शिवलिंगप्पा वाणी दुकान उघडं टाकून आले,
गोलाकडं बघत राहिले बराच वेळ.
"आमच्या आज्याचं पेव असंल.
सत्तर पोते ज्वारी मावायची म्हनत.
कुठं ते कुनालाच सांगून गेला नाही."

मग मशीन चालू.
वरच्या तारा एकदा पाहिल्या, मग दुसऱ्यांदा.
चेन काठाला उभी, आडवी नाही,
स्प्रॉकेट मागं,
म्हणजे पळायचंच झालं तर सरळ मागं.
मुंजाजीला हातानं खूण : लांब. अजून लांब.
बूम पुरता लांबवला
आणि बकेटचे दात अलगद टेकवले,
झोपलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावावा तसे.

आवाजसुद्धा झाला नाही.
बैलगाडीच्या चाकाएवढं तोंड उघडलं,
मग दोन चाकांएवढं,
मग जिथं मी सकाळी मशीन लावणार होतो
तिथपर्यंत.

पेव फुटलं की माणसं धावतात,
ही म्हण कुणाला शिकवावी लागत नाही.
कुणीतरी "हंडा" म्हणालं.
मुंजाजीनं कमरेला दोर बांधलासुद्धा.
बकेट जमिनीवर, लिव्हर लॉक, इंजिन बंद,
एवढं सगळं करूनच मी उतरलो
आणि त्याची कॉलर धरली.
"आधी कंदील."

कंदील आठ फूट गेला.
आत वारा नव्हता.
नुसता विझला,
कुणी आतून दोन बोटांनी वात चिमटावी तसा.

हंड्याचं पुन्हा कुणी बोललं नाही.
वर आला तो फक्त वास,
कुजून काळ्या झालेल्या ज्वारीचा,
आणि शिवलिंगप्पांनी तो डोळे मिटून घेतला.

वहीत लिहिलं : चाललेले तास साडेतीन.
थांबलेल्या तासांना रकाना नाही,
म्हणून समासात लिहिले : चार.
सरपंचाच्या भावानं समास सोडून सही केली.

रात्री जेवायला मुंजाजीच्या घरी.
बकेटच्या पिनांचं ग्रीस नखात तसंच.
उंबऱ्याआधी तो थांबला,
टाच आपटली,
कान दिला,
मग म्हणाला, "या."