सातवी मात्रा

बर्फाचा कारखाना रविवारी बंद,
म्हणून आम्ही तिथं वाजवतो.
वेंगुर्ला बंदराचा वास कीबोर्डच्या पट्ट्यांत शिरलाय,
पुसून जात नाही.

मूळ गाणं अडीच मिनिटांचं, पासष्ट सालचं.
दोन कडवी, मधे शीळ,
मुलगी हो म्हणते. खलास.
तबकडी फिलूमावशीची,
तिच्यावर लग्नाच्या आठवड्यातच पडलेला चरा:
शीळ संपता संपता सुई उडते
आणि आठांतली एक मात्रा समुद्रात.

आम्ही त्या चऱ्यावरच सगळं बांधलं.
अडीचाची एकोणीस मिनिटं झाली.
बस्त्याव ड्रम्सवर सात मोजतो, ओठ हलवत.
गजा तांडेलाची गिटार
रापण ओढल्यासारखी, जड, आणखी जड,
आणि शेवटी वर येतं काय?
एकच सूर, तडफडणारा.

आज मावशी आली. उलट्या क्रेटवर बसली.
सहा मिनिटं गप्प. मग म्हणाली,
"माझा गाणा खंय गेला?"
कुणी उत्तर दिलं नाही. मोजणी चुकली असती.

तेराव्या मिनिटाला ती उठली.
चपला काढल्या. ओल्या लादीवर
दोन पावलं पुढे, एक बाजूला,
आणि नेमकं तिथं,
जिथं बस्त्याव तीन महिने अडखळतोय,
तिनं पाय उचलला
तो ठेवलाच नाही.

साठ वर्षं ती अशीच नाचत आलीय.
तिला वाटायचं, गाणंच तसं आहे.

बस्त्यावनं मोजणं सोडलं,
आता तो तिच्या टाचेकडे बघून वाजवतोय.