बाही

पुंता अरेनासमध्ये वारा दार ठोठावत नाही,
थेट आत येतो.
एदुविहिसने आन्सेल्मोचा स्वेटर काढला,
उदी, कोपराला दोनदा रफू केलेला,
आणि कात्री चालवताना
दुसरीकडे पाहिलं.

एका बाहीत एक पिल्लू मावतं.
पुढच्या पायांना दोन भोकं,
संपलं शिवणकाम.

कोपऱ्यावरचा खाटीक ब्राउलियो
निवाऱ्यासाठी हाडं बाजूला ठेवतो,
पुडक्यावर लिहितो : सूपासाठी.
कुणाच्या, ते लिहीत नाही.

उरलेल्या अंगात
एका डोळ्याची म्हातारी कुत्री बसली.
वर्ष झालं, तिला कुणी नेत नाही.
पिल्लं जातात. बाह्यांसकट.

शुक्रवारी एदुविहिस गेली,
म्हणे बटण नीट लागलंय का बघायला.
कुत्रीने तिचा हात हुंगला,
मग स्वतःचाच खांदा,
मग पुन्हा हात.
कपाटातला वास असेल, दुसरं काय,
असं ती निवाऱ्यातल्या पोरीला म्हणाली
आणि बराच वेळ
बटणाशीच चाळा करत राहिली.

समुद्राकडून रस्ता चढताना
वारा पाठीमागून होता.
दोघींच्या.