भिंतीवरची तारीख

तीनदा चुना दिला मी या भिंतीला,
तरी दमट वारा सुटला की आकडे वर येतात:
२३-९-४७. शेजारी डीडीटी, साच्यातून उमटवलेलं.
उमटवणारा मीच. हात थरथरला होता,
कारण घर माझंच होतं
आणि दारात आई उभी होती, हाताची घडी घालून.

एकोणीस वर्षांचा होतो. पाठीवर टाकी,
तोंडाला फडकं, खिशात आयुष्यातला पहिला पगार.
काब्रासच्या पाणथळीभोवतीची गावं आम्ही धुऊन काढली,
गोठे, विहिरींचे काठ, खुराडी,
चर्चमध्ये संताच्या लाकडी पावलांमागचा अंधारसुद्धा.
पाद्री म्हणाला, "हळू मार रे, रंग जाईल."

तो डास आता कुणाला सांगून पटत नाही.
ढगाने नाही यायचा. एकटाच यायचा,
डोकं खाली, बूड वर करून बसायचा
अर्धवट ठोकलेल्या खिळ्यासारखा.
फारशी गुणगुणही नाही. सज्जन माणूस.
मग दोन आठवड्यांनी हुडहुडी.
भर ऑगस्टात तीन घोंगड्यांखाली दात वाजायचे.
आमच्या वर्गात सगळ्यांची पोटं डावीकडून फुगलेली;
मास्तर आधी पाणथरी चाचपायचे,
मग हजेरी घ्यायचे.

बहीण माझी, ग्रात्सिएत्ता, सहा वर्षांची गेली.
तिच्याआधीचा भाऊ नाव ठेवायच्या आतच.
दोघांच्या अंगावरचं शेवटचं झबलं एकाच ताग्यातलं.

आता सापाचं.

पाव भाजायच्या भट्टीमागे, मोळीत, तो राहायचा.
काळा, अंगावर पिवळे शिंतोडे, दोन हात लांब.
या बेटावर जहरी साप नाहीत,
पण आई त्याला बिनविषारी म्हणून ठेवत नव्हती.
तिचं म्हणणं, घरात एक तरी जीव असा असावा
जो काही मागत नाही.
पाव काढता काढता ती त्याच्याशी बोलायची:
पीठ महागलं, बोनारियाच्या पोरीचं लग्न मोडलं,
असलंच काहीबाही.
तो जीभ काढून ऐकायचा.

मी भट्टीमागेही फवारलं.
एक फट सोडायची नाही असा हुकूम होता.

आधी माश्या पडल्या, लाह्यांसारख्या,
आईने हसत हसत झाडून काढल्या.
मग पाली.
मग मांजर दोन दिवस स्वतःभोवती फिरत राहिलं.
मग एका सकाळी तो. मोळीबाहेर, पोट वर.
इतकं पांढरं असतं ते, कधी पाहिलंच नव्हतं.

आई तीन दिवस बोलली नाही.
चौथ्या दिवशी माझ्यापुढे सूपाची वाटी ठेवून म्हणाली,
"चांगलं काम केलंस."
आणि बऱ्याच वेळाने, भट्टीकडे बघत,
"असती तर आज तेरा वर्षांची असती."
त्या दोन वाक्यांच्या मध्ये काय होतं
ते मी अजून शोधतोय.

ताप गेला. खरंच गेला.
किनाऱ्यावर हॉटेलं आली, वाळूत छत्र्या रोवल्या गेल्या.
फक्त रक्ताला कुणी कळवलं नाही.
पणतू माझा, एलियास, एप्रिलात
फावाचे कोवळे दाणे खाऊन हळदीसारखा पिवळा पडला.
डॉक्टरीण म्हणाली, जुनं साटंलोटं आहे हे,
तापाला राहवू नये म्हणून
तुमच्या रक्ताने आपलंच घर थोडं मोडून ठेवलं.
मी म्हणालो, बाई, भाडेकरू जाऊन जमाना झाला.
ती म्हणाली, रक्ताला तारखा कळत नाहीत.

परवा नगरपालिकेची एक मुलगी आली.
नवे डास आलेत म्हणे, पट्टेरी, दिवसाढवळ्या चावणारे.
कुंड्यांखालच्या बशा तिने उलट्या केल्या,
भिंतीवरच्या आकड्यांचा फोटो काढला,
वाढदिवस का कुणाचा, विचारलं.
सगळीकडे हिंडू दिलं तिला.
भट्टीपाशी मात्र मी काठी आडवी धरली.

"तिथे काही आहे का?"

नाही, म्हणालो. काही नाही.
संध्याकाळी बसतो मी तिथे जरा.
पीठ पुन्हा महागलंय.