पंच्याण्णव आकड्याचं पेट्रोल

मेव्हणा म्हणाला, साधं कशाला घालता,
ते पंच्याण्णव आकड्याचं घाला,
होडी चिलापीसारखी सटकंल.

टेंभुर्णीच्या पंपावरून दोन कॅन आणले.
पंपावरचं पोरगं म्हणालं, इमान घेतलं का काय?
मी पैसे मोजत राहिलो.

सकाळी वांगीच्या काठावरून सुटलो,
सहा माणसं, एक मोटारसायकल, केळीचे घड.
पलीकडं पोचायला
तेवढाच वेळ.
घड्याळ झटकून पाहिलं.
घड्याळ बरोबर होतं.

सोलापुरातनं दस्तगीर मिस्त्री आला,
प्लग काढून नाकाशी धरला.
"काय घालायलास ओ ह्यात? अत्तर?
आकडा म्हंजे जोर न्हवं.
दाबल्यावर पेटायच्या आधी
पेट्रोल किती दम धरतंय, तेवढंच सांगतो आकडा.
तुझं इंजिन दाबतंय कुठं एवढं?"

मग त्यानं इंजिन उलटं कलवलं,
पिन ठोकून पंखा ओढला.
आत दांड्याला तंगूस,
मागावरच्या कांडीला सूत बसावं
तशी घट्ट.
ब्लेडनं कापत गेला, वीतवीत,
आणि एक गाठ माझ्या तळहातावर पडली.

दुहेरी, डावा पीळ.
अशी गाठ मीच मारतो.

पौषात हरवलेलं जाळं.
चुलतभाऊ सुखदेवला चारचौघांत
चोर म्हणालो होतो त्यापायी.

एक कॅन तसाच उरला होता.
अंधार पडल्यावर
त्याच्या होडीत ठेवून आलो.
सुखदेवनं काही विचारलं नाही अजून.
पेट्रोल मात्र वापरलंय,
वासावरून कळतं.