तस्कर

विसपुते सोनाराच्या काट्यावर
पहिल्या दिवशी अकरा ग्रॅम भरला,
काल नऊ.
'घट धरू का?' विसपुते हसला
आणि मी वळताच काटा पुसला, दोनदा.

नाव तस्कर,
आणि समोर ठेवलेलंही उचलत नाही.

केळीच्या घडांतून आला तो चोपड्यात.
ट्रक भरताना कुणाच्या तरी विळ्याचं टोक
शेपटीशी लागलं.
वनपालांनी नोंद करून घेतली, म्हणाले,
थंडी ओसरेपर्यंत सांभाळा,
मग सोडू सातपुड्याच्या पायथ्याला.
तेव्हापासून हा माझ्या शिलाई मशीनखाली
बुटांच्या खोक्यात.
झाकणाला गोणसुईची एकेचाळीस भोकं.

पाल दिली.
ती त्याच्या डोक्यावरून चालत गेली
आणि शेपटी तिथेच टाकून निसटली.
बेडकाचं पिल्लू दिलं, ते रात्रभर ओरडलं.

जिनिंगवरचे धुडकू आप्पा
सरकीच्या पोत्यांखालून काहीतरी घेऊन आले,
रुमालात. उंदराचं पिल्लू,
गुलाबी, डोळे न उघडलेलं, मेलेलं.
कसं मेलं, ते मी विचारलं नाही.
'भूक लागनी का खाई लेई,
तू कसाले जीव जाळस?'

गुरांचे डॉक्टर म्हणाले,
चिमट्याने जबडा उघडा, आत ढकला.
चिमटा हातात घेतला मी.
जबडा केवढा? शर्टाच्या काजाएवढा.

धुळ्याच्या सिव्हिलमध्ये बाबा
असेच ओठ मिटून पडले होते.
मी चमचा दातांवर आपटला होता,
'गिळा ना आता!' ओरडलो होतो,
शेजारच्या खाटेवरच्या बाईने मान फिरवली होती.
पेज गळ्यावरून उशीवर गेली.

चिमटा परत डब्यात, बटणांसोबत.

कोळशाच्या इस्त्रीखाली वीट तापवली,
फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका अंगाला लावली.
दुसरं अंग गारच ठेवलं;
त्याला वाटेल तिकडे जाऊ दे.
पालीची ती शेपटी पिल्लाच्या अंगावर घासली,
वास तरी ओळखीचा.
वर काळं अस्तर टाकलं.
आणि निघून गेलो.
एवढंच जमत नव्हतं इतके दिवस.

सुभाषच्या शेतात भरिताचा बेत होता.
तुरकाट्यांवर वांगी तडकत होती,
सगळे बोटं चाटत होते,
मी कळण्याची भाकरी हातात धरून
घड्याळ बघत होतो.
'काय रे, उपास?' सुभाषने विचारलं.

रात्री झाकण उघडलं नाही.
पहाटेही नाही. चहा झाला,
एका ब्लाउजला हुक लावले, उलटे लागले, उसवले.

मग अस्तर उचललं.
पिल्लू नव्हतं.
त्याच्या अंगात मधोमध एक गाठ,
शिवण संपवून दोरा तोडण्याआधी मारतो, तशी.

आता दोन दिवस हात लावायचा नाही.
विसपुत्याला कळवायला हवं,
पण दुकान दहाला उघडतं.
डब्यात कालचं भरीत होतं,
गार.
उभ्यानेच खाल्लं.